पूजेला मांडलेलं इंजिन

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी करडीच्या घरून परत आलो, दुकान उघडलं आणि कपाळाला हात लावला. खोलून ठेवलेल्या इंजिनावर झेंडूची माळ होती. मी घासून गुळगुळीत केलेल्या हेडवर कुंकवाचं स्वस्तिक होतं. नारळ ब्लॉकवरच फोडला होता, आणि त्याचं पाणी कुठे मुरलं असणार हे मला न बघताही कळत होतं.

गाडी आंधळगावच्या एका काकांची. ते तिच्यात भंडाऱ्यापर्यंत सवाऱ्या नेत. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या सुमाराला मी दुकान टाकलं, तेव्हापासून लोक माझ्याकडे येत ते पंक्चर काढायला आणि हवा भरायला. इंजिन म्हटलं की सगळे भंडारा नाहीतर नागपूर गाठत. हे माझ्या हाती आलेलं पहिलं अख्खं इंजिन. ते नीट बसलं तर स्टँडवरचे ड्रायव्हर मला मिस्त्री म्हणणार होते. बिघडलं तर जन्मभर टायरच.

या इंजिनात वाल्व उघडणारा कॅमशाफ्ट हेडच्या वर बसतो. त्याला दाबून धरणाऱ्या टोप्या, खालचे टॅपेट, त्यांतल्या पातळ चकत्या, सगळं आपापल्या जागी घासून बसलेलं असतं. एका जागची टोपी दुसऱ्या जागी चालत नाही. टोप्यांवरचे आकडे आधीच्या कुण्या शहाण्यानं कानस मारून घालवले होते. म्हणून मी सगळं पोत्यावर ओळीनं मांडून, चावी शेजारच्या पानठेल्यावर ठेवून घरी गेलो होतो. पानठेलेवाल्यानं चावी काकांना दिली. गाडीच्या मालकाला तो बिचारा नाही तरी कसा म्हणणार!

काका-काकूंनी एकेक भाग साबणानं धुतला, हळद-कुंकू लावलं आणि पितळी ताटात गोल रांगोळीसारखा मांडला. दिसत सुरेख होतं. माझं डोकं फिरलं.

तेवढ्यात काका सोनं घेऊन आले. आपट्याची पानं हातावर ठेवली, म्हणजे पाया पडणं आलं. पाया पडून उठल्यावर त्याच माणसावर ओरडायचं कसं?

"काका, ओळ काहून मोडली जी? कोणतं कुठचं, आता कसं ओळखू?"

"अरे, दसऱ्याले गाडी बिनपूजेची ठेवतेत का? धुऊन पुसून देल्लं तं तुह्यं अर्धं काम झालं. जोड आता भरभर."

अर्धं काम! तेलाच्या भोकांत हळद घट्ट बसली होती. ती तारेनं, रॉकेलनं आणि हवेनं काढली. मग टोप्या लावायच्या, मधून बाहेर थोडं थोडं कसायचं, शाफ्ट हातानं फिरवायचा. अडला. सगळं खोलून दोन टोप्या बदलायच्या. आता अर्धा फेरा फिरायचा आणि पुन्हा अडायचा. टोप्या जमल्या तर चकत्यांचा घोळ: एकीकडे फट मोजायच्या गेजची पाती शिरेना, दुसरीकडे दोन पात्या ढिल्या. काका रोज स्टुलावर बसून विचारत, "झालं का?" एकदा मी रागानं पाना भिंतीवर फेकून मारला.

"दसऱ्याची पूजलेली हत्यारं फेकू नोको रे," काका म्हणाले.

मला त्या माणसाचा इतका राग कधीच आला नव्हता.

शेवटी एका दुपारी शाफ्ट हाताखाली लोण्यासारखा फिरला. चकत्याही जुळल्या. तेल भरलं, चावी फिरवली, आणि इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं. कुठे टकटक नाही, धूर नाही. मी एकटाच दुकानात मोठ्यानं हसलो.

गाडी मी स्वतः चालवत स्टँडवर नेली. ड्रायव्हर जमले. एकानं बॉनेटला कान लावला.

"काका, नव्या गाडीवानी आवाज हाय. कोणी बांधलं जी?"

मी काकांच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो. काकांनी गाडीतल्या देवीला हात जोडले.

"पूजा केली म्हून झाली बापा! नाही तं हा पोट्टा किती दिवस नुसता खोलून अन् जोडूनच राहिला होता."

ड्रायव्हरनं मान डोलावली. "माही गाडीबी धूर देऊन राहिली. भंडाऱ्याले इंजिन खोलाले टाकतो. पूजेले मात्र तुमीच या."

मग तो माझ्याकडे वळला.

"अन् तू रे, तेवढी मांगच्या चाकाची हवा पाहून दे."