देश कुठला लिहू, बाई?

"खैरुद्दीन, हे पत्र तुला पोचणार नाही, कारण तुझा पत्ता माझ्याकडे नाही. जन्मभर दुसऱ्यांचे पत्ते तपासलेस आणि स्वतःचा न देता गेलास. शहाणाच आहेस! तरी लिहिते. आमची टेसा आता अल ऐनच्या हॉस्पिटलात लहान मुलांची डॉक्टर आहे. ती तुझ्यामुळे. हे तुला तोंडावर सांगायचं राहिलं."

एवढं लिहून थेरेसाबाई थांबल्या. गोड गोड लिहिणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

खैरुद्दीन श्रीवर्धनकडचा. दुबईच्या करामा भागात एका कुरिअर कंपनीच्या काउंटरवर बावीस वर्षं बसला. पाकीट काट्यावर ठेवण्याआधी पत्ता मोठ्याने वाचायचा, पिनकोडसकट, आणि अर्धवट असला तर गिऱ्हाइकाला सरळ घरी पाठवायचा. थेरेसाबाई वसईच्या शाळेत सदतीस वर्षं भूगोल शिकवून मुलाकडे, ॲरॉनकडे, राहायला आलेल्या. हा माणूस मराठीत बोलतो म्हणून त्या त्याच्याच काउंटरवर जात, आणि त्याच्याशी भांडत.

२०१४च्या मार्चमध्ये त्यांची नात टेसा क्रिमियात, सिम्फेरोपोलला, डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला होती. सोळा तारखेला तिथे मतदान झालं, क्रिमियाने युक्रेन सोडून रशियात जायचं ठरलं, आणि जगभर आरडाओरडा सुरू झाला. अमेरिका-युरोपने ते मानलं नाही. संयुक्त राष्ट्रांत शंभर देश त्याविरुद्ध गेले, भारत तटस्थ राहिला. ॲरॉन टीव्हीसमोर बसून कोण काय म्हणालं ते ऐकत होता. टेसाची पदवी उद्या कोण मानणार, यावर मात्र कोणी काही म्हणत नव्हतं. युक्रेनमधल्या ओडेसाचं कॉलेज तिला घ्यायला तयार होतं. पण दहा एप्रिलच्या आत बारावीची मूळ मार्कशीट हवी, नाहीतर तीन वर्षं पाण्यात. आणि मार्कशीट करामात, ॲरॉनच्या कपाटात. शिक्के मारून घ्यायला तिने नाताळात आणून ठेवलेली.

थेरेसाबाई पाकीट घेऊन काउंटरवर गेल्या.

"देश कुठला लिहू, बाई?"

"युक्रेन. मला देश विचारतोस? सदतीस वर्षं नकाशे काढलेत मी."

"म्हणूनच विचारतो. युक्रेन लिहिलं तर हे किव्हला जाऊन बसणार, रशिया लिहिलं तर मॉस्कोला. आणि कंपनीने सोमवारपासून तिथली बुकिंगच बंद केलीय. खलास."

"मग तू इथे कशाला बसलायस? हवा खायला?"

"तुम्हीपण बसा. एसी फुकट आहे."

पाकीट मात्र त्याने परत दिलं नाही. कोकणातून आखातात आलेली माणसं काही पाठवायचं झालं की पोस्ट शोधत नाहीत, जाणारा माणूस शोधतात. कोणी गावी निघालं की बॅग त्याची आणि सामान मोहल्ल्याचं. खैरुद्दीनने तीच रीत क्रिमियाला लावली. जुन्या पावत्या चाळून तिकडे पार्सल पाठवणाऱ्या गिऱ्हाइकांना एकेक फोन लावला. कंपनीला कळतं तर नोकरी गेली असती. अकरावा फोन झरेमाला लागला. ती क्रिमियाची तातार, इथे एका हॉटेलच्या लाँड्रीत कामाला, दरवर्षी आईला खजूर पाठवणारी.

"मॅडम, यू गोइंग होम?"

ती मॉस्कोवरून जाणारच होती. "मत मी दिलं नाही, आईनेही नाही," काउंटरवर येऊन ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "पण घर तिथेच आहे ना." पाकीट तिने कोटाच्या आत ठेवलं. त्यावर खैरुद्दीनने टेसाचं नाव, होस्टेल आणि खोलीचा नंबर लिहिला. देश लिहिलाच नाही.

सात एप्रिलला मार्कशीट टेसाच्या हातात, नऊला ओडेसात.

पुढच्या वर्षी बाई वसईला निघाल्या, तेव्हा त्याने एक डबी पुढे केली.

"माझ्या आपाला द्या, थोरल्या बहिणीला. चष्मा आहे. बिचारीला सुईत दोरा ओवता येत नाही."

"पत्ता?"

"बोर्लीत उतरायचं आणि खैरूची आपा म्हणायचं. कोणीही घर दाखवेल."

"असल्या पत्त्यावर तू माझं पाकीट घेतलं असतंस?"

"बाई, तुमचं मी देशाशिवाय घेतलं!"

वसईत एक लग्न निघालं, मग गुडघा धरला. बोर्ली म्हणजे दिवसभराचा रस्ता. जाणारा कोणी शोधावा, तर तेवढंही बाईंनी केलं नाही. डबी परत करामात आली, तोवर खैरुद्दीन व्हिसा संपून गेलेला. काउंटरवर कोणी सतीश बसला होता, त्याला काही ठाऊक नव्हतं. तेव्हापासून दर सुट्टीत ती डबी वसईला जाते आणि परत येते.

"ग्रॅन, दॅट बॉक्स हॅज मोर एअर माइल्स दॅन मी," टेसा म्हणते.

थेरेसाबाईंनी पत्र पुन्हा वाचलं आणि पहिलं वाक्य खोडलं. पत्ता होता की. बोर्लीत उतरायचं आणि खैरूची आपा म्हणायचं.

डबी टेबलाच्या खणातच होती. आपाच्या चष्म्याचा नंबर एव्हाना बदलला असेल.