ओल्या चादरींच्या पलीकडे

धुकं असं दाटलं होतं की अंगणातल्या दोऱ्या दिसतच नव्हत्या, चादरी नुसत्या हवेत लोंबकळत होत्या. धुलाईवाल्याला असा दिवस म्हणजे काळ. ऊन नाही, वारा नाही, आणि चादरी न्यायला दवाखान्याची गाडी मात्र मेली वेळेवर दारात. खटपटताई तोंडात चिमटे धरून एकेक चादर झटकत होती आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून मागच्या बॉयलरच्या खोलीकडे बघत होती.

खटपटताई हे नाव तिच्या थोरल्या भावानं ठेवलेलं. लहानपणी तिनं घरातलं भिंतीवरचं घड्याळ उघडून परत जुळवलं, तेव्हा दोन चाकं उरली. घड्याळ चालत होतं ते चालतच राहिलं. त्या दिवसापासून घरात काही बिघडलं की हिच्यापुढे यायचं आणि न बिघडलेलं हिच्यापासून लपवायचं, अशी रीत पडली. पुढं धुलाईयंत्रं उघडून आतल्या तारा जोडता जोडता तिचा कथलाचा डाग देण्यात हात बसला. वहिनी म्हणायची, "जगाचे डाग काढायचे सोडून बाई स्वतःच डाग देत बसते!"

वहिनी गल्ल्यावर पुढं, मध्ये अंगणभर दोऱ्या, आणि पार मागं बॉयलरवर दादा. वर्षानुवर्षं त्या धडधडीत उभं राहून दादाचे कान कामातून गेले होते. समोर उभं राहून बोललं तर ओठांवरून सगळं कळायचं. पाठीमागून मात्र तोफ डागली तरी पत्ता नाही. मागच्या पंधरवड्यात वाफेचा नळ सुटला, सगळ्यांनी बोंब मारली, दादाला ऐकूच गेलं नाही. हातावर भाजलं. थोडक्यात निभावलं, पण वहिनीनं धसका घेतला.

"अजून दोन आठवड्यांनी, सोमवारी नवा माणूस येतोय बॉयलरवर," तिनं सांगून टाकलं. "हे घरी बसतील. मला नवरा हवाय, शौर्यपदक नको."

 दादा नुसता खिशातला रुमाल काढून बॉयलरच्या दाबाच्या काट्याची काच पुसत राहिला. ते ताईच्या जिव्हारी लागलं. घरी बसलेला दादा तिला डोळ्यांसमोर आणवेना.

तिनं ठरवलं: दादाच्या खिशात एक थरथरणारी डबी द्यायची आणि बटण गल्ल्यावर ठेवायचं. दाबलं की खिशात गुरगुर, दादा बाहेर. मध्ये तार नको, म्हणजे रेडिओच्या चिमुकल्या पट्ट्या लागणार, एक लहरी पाठवणारी आणि एक झेलणारी. ती सुट्या भागांच्या दुकानात गेली. तिथल्या चष्मेवाल्यानं दोन जोड्या समोर ठेवल्या.

"ही साधी. पाठवते आणि विसरून जाते. वर शेजारपाजारचं कुणीही हिच्यात बडबडतं. आणि ही बघा, देखणी. बारीक लहर, चटपटीत. निरोप पोचला की दिवा लावून पोचला म्हणून उलट सांगते."

उलट सांगते म्हटल्यावर ताई पाघळली. वहिनीला पुरावा दाखवायला बरं! तिनं देखणी उचलली.

रविवारी धुलाईघर बंद. रिकाम्या अंगणात तिनं बटण दाबलं. पार मागून दादा ओरडत आला, "अगं, छातीत उंदीर शिरल्यासारखं झालं!" बहीणभाऊ लहान पोरांसारखे हसले.

सोमवारी सकाळी भर कामात वहिनीला बोलावून तिनं ऐटीत बटण दाबलं. दादा आला नाही. परत दाबलं. नाही. पोचल्याचा दिवाही लागला नाही.

"झालं? मोठं घर पोकळ वासा," वहिनी म्हणाली, पण तिचाही आवाज पडलेलाच होता. "आता माझ्या मनासारखं होऊ द्या. पुढच्या सोमवारी माणूस येईल तो येईल."

ताईनं डबी उघडली, डाग तपासले, बॅटरी बदलली. दुपारी डबी छान गुरगुरली. दुसऱ्या सकाळी पुन्हा मुकी. तिनं कपाळाला हात लावला. घड्याळाची उरलेली चाकं आता सूड घेताहेत, असंच तिला वाटलं.

जेवताना दादा आपल्या नेहमीच्या गडगडाटी आवाजात म्हणाला, "खटपटे, दोऱ्या भरलेल्या असल्या की ते गप्प बसतं. कपडे सुकायला लागले की हळूहळू बोलायला लागतं. मला खिशात कळतं ना."

ताईचा घास हातातच राहिला. रविवारी दोऱ्या रिकाम्या होत्या! बाहेर पाणी पिऊन तट्ट झालेल्या चादरींच्या भिंतीमागं भिंती उभ्या होत्या, आणि तिची नाजूक लहर त्यात बुडून मरत होती.

"हात्तिच्या! अंगणभर ओले कपडे? आधी बोलायचं की," चष्मेवाला म्हणाला. "बारीक लहरीला पाणी गिळतं. साधीच न्या, तिची लहर लांब, ती निभावते. फक्त लहर झेलायची तार मापाची हवी. वितीला चार बोटं कमी. जास्त लांब केली म्हणून जास्त लांब जात नाही."

ती तार ताईनं दादाच्या कामाच्या एप्रनच्या काठात शिवली. पण पहिल्याच दिवशी शेजाऱ्यानं गाडीचं फाटक रिमोटनं उघडलं आणि दादा धावत बाहेर. फाटक बंद झालं, दादा परत बाहेर.

"आता काय, शेजाऱ्याची नोकरी धरू?" दादा वैतागला.

मग ताईनं दोन्हीकडे खुणेचे बारके तुकडे जोडले. घरच्या माणसानं ठरल्याप्रमाणे दार ठोठावावं तसं. खूण जुळली तरच डबी थरथरणार, बाकीच्यांनी खुशाल बडबडावं.

आणि आज हे धुकं. दोऱ्या गच्च, कापड जड, एक चादर म्हणून सुकलेली नाही. याहून वाईट दिवस मिळणार नव्हता. म्हणूनच ताईनं बटण स्वतः दाबलं नाही, वहिनीच्या हातात ठेवलं.

वहिनीनं अंगणाकडे पाहिलं, एकदा नणंदेकडे पाहिलं आणि डोळे मिटून दाबलं.

चादरी हलल्या. त्यांच्यातून वाट काढत, डोक्यावर ओलं कापड घेऊन दादा बाहेर आला. "काय झालं? काय फुटलं?"

वहिनी गडबडली. सांगण्यासारखं काही नव्हतंच. तिनं कालच्या सुकलेल्या ढिगातली चादर उचलली आणि दोन टोकं त्याच्यापुढे केली. "धरा. एकटीला घडी जमत नाही."

"एवढ्यासाठी बोलावलंस?"

"रोज सकाळी बोलावणार," त्याच्या तोंडासमोर उभं राहून ती म्हणाली. "ज्या दिवशी आला नाहीत, त्या दिवसापासून घरी. आणि हो, त्या नव्या माणसाला मी गाडीत गठ्ठे चढवायला घेते. तुमची कंबर तरी वाचेल."

दादानं टोकं धरली. चादर ताणली, जुळली, अर्धी झाली.

ताईनं चिमटे परत तोंडात धरले आणि बादलीतली पुढची चादर झटकली.