सुईणीची कात्री
महायुद्ध सुरू झाले त्या वर्षी, भातकापणीच्या दिवसांत, औंढ्यात सात दिवसांची एक मुलगी धनुर्वाताने गेली. तिची आजीच गावची सुईण. नाळ कापायला तिला नवी कात्री मीच दिली होती, उकळून वापरायला शिकवलेही होते. मी पोहोचले तेव्हा घरात अजून ओव्याच्या धुरीचा वास होता. कात्री कुठे आहे, असे विचारल्यावर सुईणीने देव्हाऱ्याकडे बोट दाखवले. कात्रीला हळदकुंकू लावलेले होते. "पोरगा झाल्याव काढायची म्हून जपलीया, डाक्तरीणबाई." "मग हिची नाळ कशाने कापली?" "इळ्यानं. पोरीच्या जातीला काय हुतंय?" बाजेवरून बाळंतीण म्हणाली, "आत्याबाई, मी मागितलती की कात्री." मृत्यूचे कारण धनुर्वात लिहा, असे मी पाटलाला जाऊन सांगितले. त्याने नोंदवहीत 'ताप' लिहिले.