कुलपावरचा गुलाल

दत्तू गावातून कधी सरळ चालला नाही. दर चार घरांमागे थांबायचा, ओट्यापाशी उभा राहून आत हाक घालायचा, "म्हातारे, हायस का?" आतून शिवी आली की समाधानाने पुढे. चैत्रात जत्रेला आम्ही सगळे निगडीहून माण तालुक्यातल्या आमच्या गावी जायचो. स्टँडवर उतरवून घ्यायला तो यायचा आणि दहा मिनिटांच्या वाटेला तास लावायचा. मी वैतागलो की म्हणायचा, "दादा, पळायला तुमची कंपनी हाय की. हितं कशाला?"

दत्तू माझा चुलतभाऊ. दहावी नापास. मी घराण्यातला पहिला पदवीधर, चाकणच्या कंपनीत इंजिनिअर. हे मी न विचारता सांगतो. पण गावात पाऊल टाकलं की माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या तोंडी एकच नाव. माझ्या प्रमोशनला त्यांनी नुसती मान हलवली होती. दत्तूने काठी उचलली की त्यांचे डोळे भरायचे.

काठी देवाची. रंगीत कापडं गुंडाळलेली, दोन पुरुष उंच. ती गावातून मिरवत देवळात न्यायचा मान आमच्या भावकीचा. अण्णा पिंपरीला कामाला आले आणि मान धाकट्या घरात गेला. थोरल्याचा थोरला मी, देवळापुढे खुर्ची टाकून दत्तूची वाट बघत बसायचो आणि जळायचो. अण्णा मात्र काठीमागून अनवाणी चालत यायचे.

उतरायचो चुलत्याकडेच. आमची खोली कधीचीच बंद. तिच्या कुलपावर दर वर्षी वाळका गुलाल दिसायचा. पोरांचा चावटपणा म्हणून मी रुमालाने पुसून टाकायचो.

मग दत्तूला मीच चाकणला आणलं, कंत्राटी कामावर लावलं. भावाचं भलं केलंस, असं जो तो म्हणाला. मीही तेच सांगत फिरलो. खरं कारण मला ठाऊक होतं. नव्या कंत्राटी माणसाला जत्रेची सुट्टी मिळत नाही.

आम्ही निघालो त्या सकाळी तो शिफ्टला चालला होता. एवढंच म्हणाला, "दादा, काठी थांबत थांबत न्या."

मी कुठला थांबतोय? दुसऱ्या दिवशी हलगी वाजली आणि सगळी ताकद दाखवत, मधल्या रस्त्याने, अर्ध्या तासात काठी देवळात पोचवली. लोक वा म्हणाले. मी अण्णांना शोधू लागलो. यंदा गुडघ्यांमुळे ते चालणार नव्हते. देवळापाशीही नव्हते. सापडले ते आमच्या बंद खोलीपुढे. मुठीत गुलाल.

"तो प्रत्येक बंद दारापुढं काठी टेकवायचा," अण्णा म्हणाले. "कुलपाला गुलाल लावायचा. माणसं पोटासाठी लांब गेलीत, म्हणून देवानंच यायचं, म्हणायचा."

मी कुलपाकडे बघितलं. लख्ख होतं. सकाळीच पुसलं होतं.

तेवढ्यात दत्तूचाच फोन आला. जेवणाची सुट्टी झाली असावी, मागे ताटांचा आवाज होता. त्याने पहिलं तेच विचारलं, "दादा, आपल्या दाराला काठी टेकली न्हवं?"

मी हो म्हणालो.

अण्णांनी माझ्या हातातून फोन घेतला. "न्हाई टेकली, बाळा," ते म्हणाले. "पुढच्या साली तू ये."