माझ्याच रक्ताची नळी

ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी अंधेरीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. आमच्या सरांनी परदेशातून येताना एक खास मायक्रोस्कोप आणला होता आणि त्याच्यासाठी एक खोली काळे पडदे लावून अंधारी केली होती. शरीर स्वतःवरच उलटलं की रक्तात तशा अँटिबॉडी तयार होतात. त्या आहेत की नाहीत, हे त्या खोलीत कळायचं. उंदराच्या जठराचा पातळ काप काचेवर घ्यायचा, त्यावर पेशंटचं सीरम, म्हणजे रक्ताची गुठळी झाल्यावर वर राहतं ते पिवळं पाणी, घालायचं. मग धुवायचं, चमकणारं रसायन घालायचं, पुन्हा धुवायचं. अँटिबॉडी असल्या तर जठराच्या स्नायूंचा थर हिरवा उजळायचा. नसल्या तर नुसता काळोख दिसायचा.

प्रत्येक वेळी पेशंटच्या नमुन्यांबरोबर आणखी दोन नळ्या लावाव्या लागत. एक हमखास उजळणाऱ्या जुन्या पेशंटची आणि एक हमखास काळी राहणारी, निरोगी माणसाची. ही निरोगी माणसाची नळी माझी होती. दर तीन-चार महिन्यांनी मी बाही वर करायची, सर सुई टोचायचे आणि माझं सीरम छोट्या नळ्यांत भरून फ्रीझरमध्ये जायचं. वर माझ्याच अक्षरात लिहिलेलं असायचं, ‘नॉर्मल’. अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या आजारी माणसांना माझ्याशी ताडून पाहायचं, याचा मला उगाचच तोरा होता. मी खरोखर निरोगी आहे का, हे मात्र ना सरांनी कधी तपासलं, ना मी. चालतीफिरती, बसमध्ये भांडून जागा मिळवणारी चोवीस वर्षांची मुलगी. तिला काय धाड भरणार होती?

एकदा नव्या खेपेची नळी लावली आणि ‘नॉर्मल’मध्ये एक बारीक हिरवी रेघ दिसली. मी चरफडले. धुण्यात हयगय झाली असेल म्हणून पुन्हा धुतलं. रसायन शिळं असेल म्हणून नवी बाटली फोडली. नवा उंदीर घेतला. रेघ हटेना. सर म्हणाले, “अगं, तुझा हात घाईचा आहे.” हे मला झोंबलं. मी रिसेप्शनवरच्या मैत्रिणीला धरून तिचं रक्त काढलं. ती ओरडत होती, “काय यार, माझ्या हाताची वाट लावलीस!” तिची काच काळीकुट्ट राहिली. शेजारची माझी तशीच उजळत होती. त्या अंधाऱ्या खोलीत मी स्टुलावर बसले. भीती वाटली, सरळ भीती. मग उठले आणि अलीकडे माझ्या नळीशी ताडलेले सगळे नमुने तिच्या नळीशी ताडून पुन्हा लावायला घेतले. ते झाल्यावर स्वतःच्या लिव्हरची तपासणी केली. लिव्हर बिघडलं की रक्तात वाढणारे एन्झाइम नेहमीच्या दुपटीहून जास्त निघाले.

सरांनी मला त्यांच्या ओळखीच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी कागद चाळले. काविळीच्या विषाणूची तपासणी, जिला तेव्हा सगळे ‘ऑस्ट्रेलिया’ म्हणत, ती आमच्याच लॅबमधली, जुन्या पद्धतीने केलेली होती आणि निगेटिव्ह होती.

“विषाणू नाही, अँटिबॉडी आहेत, वय तरुण,” ते म्हणाले. “तुझं शरीरच तुझ्या लिव्हरवर उठलंय. सोमवारपासून स्टेरॉइड सुरू कर.”

मी माझी चिठ्ठी पुढे केली. सीरम पातळ करत करत कुठपर्यंत उजळतं, ते मी तीन वेळा पाहिलं होतं. दहापट पातळ केलं तर रेघ, वीसपट केलं तर जेमतेम, चाळीसपटीला काहीच नाही. खरोखर शरीर उलटलेल्या पेशंटचं सीरम शेकडो पट पातळ केलं तरी उजळतं, हे मी त्या खोलीत डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि अशी फिकी रेघ जुनाट काविळीच्या विषाणूतही उमटते, हेही पाहिलं होतं. स्टेरॉइडच्या गोळ्या शरीराची लढायची ताकदच दाबतात; विषाणू असताना त्या घेतल्या तर तो आणखी फोफावणार होता.

“आमची ऑस्ट्रेलियाची पद्धत जुनी आहे, डॉक्टर. थोडा विषाणू असला तर तिला सापडत नाही. नव्या पद्धतीने एकदा बघू या.”

“तू टेक्निशियन आहेस ना?”

“हो. म्हणून तर सांगतेय.”

त्यांनी प्रिस्क्रिप्शन माझ्याकडे सरकवलं आणि पुढच्या पेशंटची घंटा दाबली.

आम्ही घाटकोपरला असल्फ्याला राहत होतो. आई-वडील मालवणकडचे. गिरणी बंद पडल्यावर वडील साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लागले होते आणि माझी बस रोज त्यांच्या दारावरून जायची. आईचा मोठा भाऊ गावी पोट फुगून गेला होता, त्याआधी तिची आईही तशीच गेली होती. त्यामुळे ‘लिव्हर’ हा शब्द ऐकल्याबरोबर तिने कुठूनतरी काविळीची माळ आणून माझ्या गळ्यात घातली. दिवसा मी अँटिबॉडी मोजत होते आणि एप्रनच्या आत ती माळ होती. माळेला माझी हरकत नव्हती, तिने कुणाचं काही बिघडत नाही. खरं भांडण गोळीवरून होतं. सोमवारी सकाळी आई पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन समोर उभी राहिली.

“घे. डॉक्टराक तुझ्यापरास जास्त कळता.”

“नाही घेणार. आधी तपासणी.”

“माझो भाव असोच हट्टी होतो,” ती म्हणाली आणि पेला आपटून आत गेली.

मंगळवारीही तेच झालं आणि बुधवारीही. माझा धीर रोज थोडा थोडा सुटत होता. माझं चुकत असलं तर उशीर करून मी माझंच लिव्हर घालवत होते. चुकत नसलं तर ती एक गोळी मला महागात पडणार होती. सर म्हणाले, “हट्ट सोड.” मी सोडला नाही.

माझ्याबरोबर शिकलेली एक मुलगी शहरातल्या रक्तपेढीत होती. तिथे नवी पद्धत आली होती, पण तिची एक अडचण होती. एका प्लेटमध्ये कितीतरी खळगे असायचे आणि प्लेट एकदा उघडली की सगळी वापरावी लागायची. म्हणून पुरेसे नमुने जमल्याशिवाय ते उघडत नसत. “तुझा धरूनही तेरा कमी आहेत,” ती म्हणाली. “महिना लागेल बघ.”

“तेरा मी आणते.”

दोन दिवस मी हातात सुई घेऊन हिंडले. रिसेप्शनवाली शिव्या देत बसली, पण हात पुढे केला. सरांना म्हटलं, “बाही वर करा,” तेव्हा त्यांनीही केली. लॅबमधले सगळे झाले, शेजारच्या दवाखान्यातली नर्स झाली, चाळीतल्या दोघी झाल्या, वडील झाले. बारा झाले. एक खळगा रिकामा होता.

आई सुईला घाबरायची. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले.

“माका काय जाला नाय. माझा रगत कित्याक?”

“जागा भरायला, आई. बाकी काही नाही.”

तिने विचार केला. “देतंय. पण तुझ्या रिपोर्टात काय गावला नाय, तर गोळी गिळूक होयी.”

“गिळीन. तुझ्या हातून.”

तिने पदर तोंडात धरला आणि मान फिरवली. मी नळी भरली, वर ‘तेरा’ लिहिलं.

चार दिवसांनी मैत्रिणीने लॅबमध्ये फोन केला. “तुझी पॉझिटिव्ह आहे. हिपॅटायटिस बी. तुझंच बरोबर होतं.” मी रिसीव्हर धरून हसले. रोग निघाला म्हणून हसणारी मी पहिलीच असेन. मग ती म्हणाली, “ऐक ना, तेरा नंबर कोण आहे गं? ती तुझ्यापेक्षाही जास्त आहे.”

घरी जाताना बसमध्ये मी सगळं जुळवत होते. आईची आई, मामा, आई, मी. मोठ्या वयात लागलेला हा विषाणू बहुतेकांच्या अंगातून निघून जातो. जन्मताना आईकडून आलेला मात्र मुक्काम ठोकतो. मला तो कुठून आला असणार, हे मला कळून चुकलं होतं. गोळी टळली होती, पण त्याचा आनंद साकीनाक्यापर्यंतही टिकला नाही.

आईने दारातच विचारलं. मी सांगितलं की माझ्यात विषाणू आहे, गोळी घ्यायची नाही. आणि तुझ्यातही आहे, आता दोघींनीही दर काही महिन्यांनी तपासायचं. ती भिंतीला टेकून बसली. गळ्यातलं मंगळसूत्र चाचपत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, “कोणाचा कोणाक लागला गो?”

तिला मामा आठवत होता, हे मला दिसत होतं.

“माझं तुला,” मी म्हटलं. “लॅबमध्ये आम्ही तोंडाने ओढून नळीत सीरम घेतो. तिथून मला आला आणि माझ्याकडून तुला.”

तिने डोळे मिटले, एक मोठा श्वास सोडला. मग उठली आणि मला सांगायला लागली, की ह्या रगताच्या कामात जाव नको म्हणान मी तुका आधीच सांगितलेला. बोलता बोलता फळीवरची गोळ्यांची पाकिटं उचलून तिने कचऱ्याच्या डब्यात टाकली. ‘माझं तुला लागलं’ हा मी तिला दिलेला तोंडी रिपोर्ट खोटा होता आणि तसा मी पुन्हा कुणालाही दिला नाही.

पुढे कित्येक वर्षं ती शेजारणींना सांगायची, “चेडवाच्या कामापायी माकाय लागला.” सांगताना तिच्या आवाजात राग असायचा, पण ओझं नसायचं. मी तिथेच भाजी निवडत बसलेली असायचे आणि एक शब्दही बोलायचे नाही.