हवेच्या अंदाजाचा बडग्या

माझा नवरा माघातल्या एका सकाळी गुदमरून गेला. बोरगाव मेघेच्या पलीकडे जिथे प्लॉट संपतात आणि कपाशीची शेते सुरू होतात, तिथे शेवटच्या ओळीत आमचे घर आहे. कुंपणाची भिंत कमरेएवढी, तिला लागून शेत. त्या सकाळी शेताच्या मालकाने उपटलेल्या पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचे, ढीग पेटवले. वारा अजिबात नव्हता. धूर वर न जाता जमिनीवर पसरला आणि दाराखालून, खिडकीच्या फटींतून घरात शिरला.

नवऱ्याला वीस वर्षांपासून दमा होता, पण असे त्याला कधी झाले नव्हते. त्याने अंगातली बनियन दोन्ही हातांनी फाडली. हवेसाठी मुठीने खिडकीची काच फोडली आणि त्या भोकातून आणखी धूर आत आला. मनगटातून रक्त वाहत होते, ओठ जांभळे झाले होते, आणि तो भिंतीवर डोके आपटत होता. सावंगीच्या दवाखान्यात नेताना ऑटोत त्याने माझा दंड इतका घट्ट पकडला होता की नखे आत रुतली. नाल्यावरच्या पुलापाशी ती पकड सुटली. दंडावरच्या जखमा पंधरा दिवसांत भरल्या. त्या भरू नयेत असे मला वाटत होते.

आदल्या संध्याकाळी मी मोबाईलवर हवेचा अंदाज वाचला होता. उद्या सकाळी वारा पडलेला, हवा वाईट, लाल रंग. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते आणि समोर येईल ते वाचते. तेही वाचले आणि मोबाईल उलटा ठेवला.

पुढे उन्हाळ्यात एका संस्थेची तरुण कार्यकर्ती ग्रंथालयात आली. हवेचा अंदाज आता जिल्ह्यापर्यंत मिळतो, पण तो कोणी बघत नाही, म्हणून गावोगावी प्रचाराचे कार्यक्रम करायचे आहेत, असे तिने सांगितले. बैठकीसाठी तिला जागा हवी होती. मी वाचनकक्ष दिला आणि स्वतःही बसले. मला एकच गोष्ट हवी होती. पुढच्या हिवाळ्यात पऱ्हाटी पेटण्याच्या आदल्या दिवशी आमच्या वस्तीत प्रत्येकाला कळलेले असावे की उद्याची हवा कशी आहे.

रविवारी दुपारी आम्ही चौघे जमायचो. ती मुलगी, मी, चौकातले किराणा दुकानदार आणि निवृत्त झालेले एक वनरक्षक. वनरक्षक गोंड समाजातले. मोबाईलवर घरच्यांशी गोंडीत बोलत आणि आमच्याशी वऱ्हाडीत. मुलीकडे तक्ता होता. कार्यक्रम, जागा, कोणासाठी, निरोप काय, लोकसहभाग. तिने शाळेची फेरी लिहिली, ऑटोवर भोंगा लिहिला, दुकानापुढे रोज उद्याच्या हवेचा रंग दाखवणारा फलक लिहिला.

दुकानदार म्हणाले, "मॅडम, फलक लावा, माही ना नाई. पण पावसाचाच अंदाज खरा निघत नाई, तं हवेचा पाहाले कोण येते?"

मग वनरक्षकांनी मारबतीचे काढले. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे दारात खोचलेल्या पळसाच्या फांद्या उपटून लोक शिवेबाहेर फेकायला नेतात आणि वाटेने ओरडतात, रोगराई घेऊन जाय गे मारबत. कुठे कुठे बडग्याही निघतो. म्हणजे गावाला ज्याचा राग आहे त्याचा पुतळा. तो शिवेवर जाळतात.

"खासी-खोकला घेऊन जाय म्हणून लोक त्या दिवशी असेच बोंबलते," वनरक्षक म्हणाले. "त्याईले नवीन काई शिकवा लागत नाई. धुराचा बडग्या करा. मागून पोरीनं रंग समजावून सांगावं."

मुलीने ते उत्साहाने लिहून घेतले. मग पेन थांबवून तिने विचारले की शेवटी आपण तो जाळणार का. सगळे हसलो. धुराच्या विरोधात धूर करायचा, असे दुकानदार म्हणाले, आणि पुन्हा हसलो. नाल्यात बुडवावा असे ठरले, पण दुकानदारांचे म्हणणे पडले की लोकांचे तेवढ्याने समाधान होणार नाही, हाताला काहीतरी काम पाहिजे.

मी बैठकीत क्वचितच बोलत असे. त्या दिवशी बोलले.

"जाळायला नको," मी म्हटले. "मारू द्या."

सगळ्यांना ते पटले. मुलीने तक्त्यात लोकसहभागाच्या रकान्यात लिहिले, काठ्या, चपला.

बांबूचा सांगाडा वनरक्षकांनी बांधला. चेहरा माझ्याकडे आला, कारण जुनी पुस्तके बांधण्यासाठी लागणारी खळ मला करता येते. कणकेची खळ, त्यात कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. वर्तमानपत्राचे कपटे एकावर एक चिकटवत आठवडाभर मी दुपारी घरी ते काम करत होते. चेहऱ्याला भुवया दिल्या तेव्हा डावी भुवई मधोमध तुटली. मी ती जोडली नाही. कपाळ अरुंद झाले, जबडा रुंद झाला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वर्षानुवर्षे दिसणारा चेहरा तो. शेताच्या मालकाची भुवई लहानपणी बैलाचे शिंग लागून तुटलेली होती. पहिल्या दिवशी हे हातून झाले असे म्हणता येईल. तिसऱ्या दिवशी मला ते स्पष्ट दिसले होते. तिसऱ्या दिवशीच मी त्या भुवईच्या फटीत तांबडा रंग भरला.

मिरवणूक पहाटे चौकातून निघाली. पाऊस उघडला होता, रस्त्यात चिखल होता. मुलगी ऑटोत बसून भोंग्यावरून हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल समजावत होती, आणि कोणी ऐकत नव्हते, कारण पोरे बडग्याला बडवत होती. एक जण चप्पल मारायचा, दुसरा काठी, तिसरा थुंकायचा. बायाही पुढे येऊन दोन हाणून जात होत्या. ढोल वाजत होता. प्रत्येक फटक्याला कागद फाटल्याचा आवाज येई आणि मला तो आवडत होता.

शेताचा मालक त्याच्या घरची पळसाची फांदी घेऊन रस्त्याच्या कडेला उभा होता. तो हसत होता. मग कोणीतरी ओरडले, "अबे, हा तं भिवईतुट्या होय!"

लोक आधी हसले. पोरांनी बडग्या त्याच्यापुढे आणून नाचवला. त्याने त्या चेहऱ्याकडे नीट पाहिले, आणि त्याचा स्वतःचा चेहरा आवळला गेला. हातातली फांदी त्याने सगळ्यात जवळच्या पोराच्या तोंडावर मारली. पोराच्या गालावर रक्ताची रेघ उमटली.

पुढचे फार लवकर झाले. काठ्या आधीच लोकांच्या हातात होत्या, आम्हीच त्या आणायला सांगितल्या होत्या. पहिली त्याच्या पाठीत बसली, दुसरी कानावर. तो चिखलात पडला, उठला, एकाचा गळा धरला, पुन्हा पडला. मग तो दिसेनासा झाला आणि फक्त वर-खाली होणारे हात दिसू लागले. बांबू हाडावर बसतो तेव्हा येणारा आवाज कागदाच्या आवाजासारखा नसतो. सगळ्यांचाच त्याच्यावर राग होता असे नाही. धुराने कोणाची म्हातारी खोकत होती, कोणाचे बांधावरून भांडण होते, कोणाचे काहीच नव्हते. घेऊन जाय गे मारबत, असे सगळे एका सुरात ओरडत होते. मीही ओरडत होते. माझा आवाज मला ऐकू आला तेव्हा कळले की मी बराच वेळ ओरडते आहे.

वनरक्षक गर्दीत घुसले आणि त्याच्यावर पालथे पडले. दोन फटके त्यांनी खांद्यावर घेतले. दुसऱ्या फटक्याला त्यांचे गळ्याजवळचे हाड मोडले. तेवढ्यात कोणीतरी मोटरसायकलमधले पेट्रोल ओतून बडग्या पेटवला. आतल्या कागदाबरोबर पोरांनी बडग्याच्या गळ्यात घातलेला जुना टायरही पेटला. काळा धूर सगळ्यांच्या नाकातोंडात गेला आणि लोक खोकत, शिव्या देत पांगले. काठ्यांनी न थांबलेली माणसे धुराने थांबली.

पोलिसांनी चौकात विचारले की पुतळा कोणी केला. गर्दीतून दोन-तीन बोटे वनरक्षकांकडे वळली. ते वळणे इतके सहज होते की मला लाज वाटली. दुखरा हात छातीशी धरून ते म्हणाले की बांबू त्यांचे आहेत. मी पुढे होऊन सांगितले की चेहरा माझा आहे, आणि काठ्या आणायचीही कल्पना माझी. जबाब लिहिताना हवालदाराने दोनदा विचारले की चेहरा चुकून तसा झाला का. त्याला मला मदत करायची असावी. मी नाही म्हटले.

संस्थेने आमच्या वस्तीतला कार्यक्रम बंद केला. मुलीने जाताना मला फोनही केला नाही. दुकानापुढचा फलक तयार होता, पण दुकानदारांनी तो लावला नाही. आता हवेचे नाव काढले तरी लोक हाणामारी करतील, असे ते म्हणाले. मला जे एक हवे होते ते मी स्वतःच्या हातांनी संपवले होते.

चौथ्या दिवशी मी दवाखान्यात शेताच्या मालकाला बघायला गेले. तो खाटेवर होता, डोक्याला टाके, जबडा सुजलेला, एक डोळा मिटलेला. बायको स्टुलावर बसली होती. मी चेहऱ्याचे सांगितले.

"ठाऊक हाये," तो हळूहळू म्हणाला. "तुमच्या खिडकीतून माह्यं थोबाड जितकं पाह्यलं असन तुमी, तितकं हिनंबी नाई पाह्यलं."

मला वाटले एवढ्यावर उठावे. पण मी उठले नाही. नवरा गेला त्या सकाळचे सांगितले, फुटलेल्या काचेचे, ऑटोचे. हवा बिघडणार असे आदल्या दिवशीच माहीत असते आणि ते गावात कोणाला माहीत नव्हते, म्हणून मी या कार्यक्रमात पडले, असेही सांगितले.

"कोणालेच नोतं माहीत?"

"मी वाचलं होतं."

"आदल्या सांजेले?"

"हो."

त्याने उघडा डोळा माझ्याकडे वळवला. "मंग मले सांगाले काऊन नाई आल्या?"

वीस वर्षांत मी त्या भिंतीपलीकडे एक शब्द बोलले नव्हते. मला लोकांशी बोलायला जड जाते, पण हे काही त्याला देण्यासारखे उत्तर नव्हते.

"भित कमरेइतकी हाये बाई," तो म्हणाला. "एक आवाज देला असता."

त्याची बायको उठली आणि तिने माझ्या थोबाडीत मारली. जोरात मारली, चष्मा खाली पडला. मग ती परत स्टुलावर बसली आणि नवऱ्याची चादर नीट करू लागली. मी चष्मा उचलून बाहेर आले. एक काच तडकली होती. ती मी अजून बदललेली नाही, आळसाने.

यंदा पौषात त्याच्या शेतात पुन्हा पऱ्हाटीचे ढीग लागले. मोबाईलवर उद्यासाठी लाल रंग आला तेव्हा दुपारचे चार वाजले होते. मी भिंतीला वळसा घालून बांधावरून आत गेले. तो ढीग रचत होता. मला पाहून त्याने ढेकूळ उचलले आणि फेकले. ते माझ्या खांद्यावर फुटले. दुसरे पायाशी पडले. मी चालत राहिले, कारण उभी राहिले असते तर परत गेले असते.

उद्या दहापर्यंत वारा नाही, मी म्हटले. धूर खालीच बसेल. परवा सकाळपासून वारा आहे, तेव्हा पेटवा. मी पहिले वाक्यच पुन्हा म्हटले.

"परवा कामाले बाया भेटत नाई," तो म्हणाला. "ढीग सारखे कोण करन? तुमी?"

"मी येते."

तो हसला आणि लगेच जबडा धरला. तो अजून दुखतो. काटेरी फांद्यांचा एक भारा उचलून ढिगावर टाकला, पायाने दाबला, आणि माझ्या पायांकडे बघून म्हणाला, "येजा मंग. पण त्या चपला घालून नका येजा. पऱ्हाटीचे खुट घुसते पायात, आरपार."