खल दाराशी होता

इथले अनुभव मी बऱ्याच दिवसांपासून वाचते आहे आणि खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त ठिकाणी मला हसू आलं आहे. राग मानू नका. बावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. शिवाय आमच्या घरात भुताखेतांवर विश्वास नसणं ही नुसती आवड नव्हती, ती इज्जतीची गोष्ट होती. छप्पन साली बाबांनी नागपुरात दीक्षा घेतली आणि घरी आल्यावर देव्हारा, ताईत, अंगारे, सगळं एका पोत्यात बांधून बाहेर काढलं. "आता हे अन् हे घाबरणं, दोन्ही बंद," असं म्हणाले. मी तेव्हा लहान होते. तेव्हापासून आजपर्यंत अंधाराला घाबरले नाही की अमावस्या पाळली नाही.

तरी हे लिहिते आहे. एकच गोष्ट घडली आयुष्यात, आणि ती भर दिवसा, साडेअकराच्या उन्हात.

साल बहात्तर-त्र्याहत्तर असेल. लग्न होऊन वर्ष झालं होतं. आमचे हे नागपुरात सरकारी ऑफिसात टायपिस्ट, मी लकडगंजच्या बाजूला एका शाळेत. नागपुरात खोली शोधता शोधता चपला झिजल्या. भाडं परवडत नव्हतं हे एक, आणि जिथे परवडायचं तिथे घरमालक आधी चहा विचारायचे, मग आडनाव. आडनाव सांगितलं की चहा यायचा, खोली मात्र "कालच देऊन टाकली" असायची. हे गंमत म्हणून सांगायचे, "आपलं आडनाव भारी आहे वं, एका दिवसात नागपूरच्या सगळ्या खोल्या भरते." मला मात्र रडू यायचं.

शेवटी ऑफिसातल्या कोणीतरी सांगितलं, कन्हानला बघा. नदीपलीकडे, कोळशाच्या खाणींचा भाग, नागपूरच्या मानाने भाडं अगदी हलकं. सकाळी पॅसेंजर, संध्याकाळी पॅसेंजर. आमच्यासारखे बरेच जण तसंच करायचे. पगार नागपूरचा आणि झोप कन्हानची!

स्टेशनपासून दहा मिनिटांवर काशीमावशींचं कौलारू घर होतं. मधे अंगण, एका बाजूला त्यांची खोली, समोर भाड्याची. मावशी एकट्या. नवरा खाणीत कामाला होता, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. उंच, काटक बाई, आवाज पार गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. मी श्वास रोखून आडनावाची वाट बघत उभी होते. मावशींनी विचारलंच नाही. म्हणाल्या, "एकच गोष्ट ऐकून घे वं. शेगडी अंगणात पेटवायची. अन् आत नेली त दार लावायचं नाही. कितीही थंडी राहो. कबूल असन त सामान आण."

मी म्हटलं, "एवढंच?"

"एवढंच लई आहे," मावशी म्हणाल्या.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी... तिकडे घरोघरी दगडी कोळशावर स्वयंपाक व्हायचा. शेगडी बाहेर पेटवायची, धूर निघून कोळसा लाल झाला की कडीने धरून आत आणायची. दार लावू नये हे मी स्वतः आठवीच्या पोरांना शिकवायची. जळायला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड, वास नाही, रंग नाही, माणूस झोपेत जातो. तेव्हा मावशींची अट मला फार शहाणपणाची वाटली. ती अट शहाणपणातून आलेली नव्हती, हे मला नंतर कळलं.

अजून एक गंमत. मावशी आमच्या खोलीचा उंबरठा कधी ओलांडायच्या नाहीत. भाजी द्यायची तर दारातून, भांडायचं तर दारातून. मला वाटायचं, झालं, आडनाव कळलं वाटतं. पण मग माझ्या हातची भाकर आमच्याच ओट्यावर बसून खायच्या, आमच्या माठातलं पाणी प्यायच्या. तेव्हा ते कारण नव्हतं. मी विचारलं नाही. भाडेकरूने काही गोष्टी विचारू नयेत, एवढं मी शिकले होते.

डिसेंबरात मला मुलगी झाली. आई उमरेडकडच्या खेड्यातून बाळंतपणाला आली आणि घरात दोन राज्यं सुरू झाली.

आपल्याकडे बाळंतिणीला शेक देतात ना, त्यावरून. तेल लावून आंघोळ, मग बाजेवर झोपवायचं, बाजेखाली गोवऱ्यांच्या निखाऱ्यांची शेगडी, वर ओवा-शेपा टाकायचा, आणि दारं-खिडक्या घट्ट बंद, वारा लागू नये म्हणून. आईने खिडकीत पोतं कोंबलं आणि दार लावलं. पाच मिनिटांत मावशी आल्या आणि बाहेरूनच छत्रीच्या टोकाने दार ढकललं.

"बाळंतीण आहे न माझी पोरगी! वारा लागन तिले!" आई आतून.

"लागू दे! दार उघडं राहू दे!" मावशी बाहेरून.

आमचं दार जरा तिरपं होतं, सोडलं की आपोआप बंद व्हायचं. मावशी छत्रीने उघडायच्या, विटेचा तुकडा सरकवून ठेवायच्या. त्या वळल्या की आई वीट काढायची. असं रोज चालायचं. मी बाजेवर पडल्या पडल्या हसायची. मी आईला मावशींची अट नीट सांगितली होती का? सांगितली होती, पण हसत हसत. शिक्षा द्यायचीच तर ती मला द्यायला हवी. आईने खेड्यात आयुष्यभर गोवऱ्यांचे निखारे वापरले, कुडाच्या घरात, जिथून वारा हवा तेवढा येतो. तिला दगडी कोळसा काय चीज आहे ते कळायचं कारणच नव्हतं.

तो दिवस बाजाराचा होता. मावशी सकाळी आल्याचा चहा पिऊन, खोलीला कुलूप लावून, किल्ली पदराला बांधून कामठीच्या बाजाराला गेल्या. हे नागपूरला. आईला मोकळं रान मिळालं. त्यात गोवऱ्या संपलेल्या. तिने न्हाणीजवळच्या ढिगातला दगडी कोळसा घेतला, पेटवला, शेगडी बाजेखाली सरकवली, वीट काढली, दार ओढून घेतलं आणि बाळाची दुपटी धुवायला गल्लीच्या टोकाच्या विहिरीवर गेली.

ओव्याचा वास छान येत होता. गरम वाटत होतं. बाळ कुशीत होतं आणि रडत होतं... मग थोडं थोडं रडत होतं... मग रडत नव्हतं. मला वाटलं, झोपली. आणि मग डोकं असं जड झालं की माझ्यातली मास्तरीण एकदम जागी झाली. मला सगळं कळलं. फळ्यावर लिहिल्यासारखं कळलं की हे काय आहे आणि आता काय करायला हवं. उठायचं, दार उघडायचं, बस्स! सहा पावलं. पण बोटसुद्धा हलेना. ओरडायला तोंड उघडलं तर आवाज नाही. बाळाचा चेहरा माझ्या छातीशी होता आणि मला तो माझ्याकडे वळवता येत नव्हता. त्या वेळी मला किती भीती वाटली ते मी आजही नीट लिहू शकत नाही.

तेवढ्यात दार उघडलं.

ऊन एकदम आत आलं, म्हणून चेहरा दिसला नाही. एक बाई होती, तरुण, लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला. काचेच्या बांगड्या वाजल्या. काहीतरी जड जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. मग बाजेखालून शेगडी ओढल्याचा. आणि ती बोलली. अगदी सहज, घरचं माणूस घरच्या माणसाशी बोलतं तसं. "काय वं माय... कितीदा सांगू तुले, दार नोको लावत जाऊ." आणि हसली.

मला वाटलं, शेजारची कोणी असेल. पुढचं आठवत नाही.

शुद्धीवर आले तेव्हा मी ओट्यावर होते, उलट्या होत होत्या, आणि बाळ असं काही बोंबलत होतं की तसं सुंदर काही मी पुन्हा ऐकलं नाही. आई छाती पिटून रडत होती. ती विहिरीवरून आली तेव्हा दार सताड उघडं होतं. शेगडी अंगणाच्या मध्यभागी, कडीला ओलं दुपटं गुंडाळलेलं. आणि दाराला वीट नव्हती, लोखंडी खल लावलेला होता.

"काशीबाई आल्या बिचाऱ्या बाजारातून, म्हणून वाचल्या तुम्ही," आई म्हणत होती. "आता रोज पाया पडतो त्यांच्या."

पण काशीबाई आल्याच नव्हत्या. त्या आल्या तासाभराने, डोक्यावर भाजीची पाटी घेऊन. आईचं रडणं ऐकून पाटी तिथेच टाकली. वांगी अंगणभर घरंगळली. आधी बाळाला हातात घेतलं, छातीला कान लावला, मग माझ्या तोंडावरून हात फिरवला. आणि मग त्यांची नजर दाराकडे गेली.

खल त्यांचाच होता. मीही ओळखत होते, आलं कुटायला दोनदा मागून आणला होता. कडेला टवका उडालेला. मावशींनी पदराची किल्ली सोडली आणि आपल्या खोलीचं कुलूप काढलं. कुलूप होतं तसं होतं. मीही ओट्यावरून बघत होते. आत चुलीशेजारी सकाळचं आल्याचं साल पडलेलं, आणि बत्ता एकटाच आडवा. खल नव्हता.

मावशी परत आल्या आणि आमच्या पायरीवर मटकन बसल्या. त्यांचा तो मोठा आवाज कुठे गेला कळेना.

"शांता... माही पोरगी," त्या म्हणाल्या. "पहिल्या बाळंतपणाले आणली होती इथंच, ह्याच खोलीत. मीच शेगडी ठेवली. मीच दार लावलं, वारा लागन म्हणून. अन् बाजारात गेली. वांगी घेत बसली वं मी... भाव करत बसली. आली त दोघंही..."

आई रडायची थांबली होती. ती सरकून मावशींच्या शेजारी जाऊन बसली.

"तिले बंद दार सहन होत नोहतं, लहानपणापासून," मावशी म्हणाल्या. "हे दार आपोआप लागे म्हणून माहा खल आणून लावे. मी ओरडू तिच्यावर, काहून वं, आलं कशात कुटू मी? त हसे." त्यांनी आमच्या खोलीकडे बोट केलं. "तेव्हापासून आत पाय नाही टाकला मी. कोणत्या तोंडानं जाऊ?"

मग मी सांगितलं. दार उघडल्याचं, बांगड्यांचं, आणि ती जे बोलली ते, शब्दाला शब्द. सांगताना माझंच मला कळत होतं की त्या वायूने माणसाला भास होतात, हे पुस्तकात आहे. तरी सांगितलं. मावशींनी माझा हात घट्ट धरला.

"कशी बोलली वं?" त्यांनी विचारलं. "रागात होती का?"

बाकी कशाचीही खात्री मी देऊ शकत नाही. पण याची देऊ शकत होते.

"नाही मावशी. हसत होती."

मावशी उठल्या, आईच्या मांडीवरून बाळाला घेतलं, आणि खल ओलांडून आमच्या खोलीत गेल्या. बाजेवर बसल्या. आतून त्यांच्या रडण्याचा आवाज आला. त्यांना एकटं राहू द्यावं म्हणून मी आणि आई अंगणातली वांगी वेचत बसलो.

आता तुमच्यातले हुशार लोक विचारतील ते सगळं आम्हीही विचारलं. संध्याकाळी ह्यांनी कुलूप तपासलं, कौलं तपासली, गल्लीत विचारलं. समोरची बाई सकाळपासून दारात बसून गहू निवडत होती, तिने कोणालाच आत जाताना पाहिलं नाही. दुसरी किल्ली नव्हतीच.

बाबा पुढच्या आठवड्यात नातीला बघायला आले. मला त्यांची भीती वाटत होती. सगळं सांगून मी म्हटलं, "बाबा, तुम्ही तर भूत मानत नाही." ते बाळाच्या मुठीत बोट देऊन बसले होते. म्हणाले, "नाही मानत. पण त्या पोरीले भूत नोको म्हणू."

चार वर्षं राहिलो आम्ही त्या खोलीत. मग प्रताप नगरला स्वतःची दोन खोल्यांची जागा झाली. निघताना मी मावशींकडे तो खल मागितला, आठवण म्हणून. साफ नाही म्हणाल्या. पुढे दर दिवाळीला मुलीला घेऊन आम्ही कन्हानला जायचो. खोलीत नवे भाडेकरू असायचे, कधी रेल्वेतले, कधी खाणीतले. त्यातल्याच एका घरची सून माझ्याकडे तक्रार करत होती, "मावशी आलं कुटायले खल देत नाही हो. आमच्या दाराले लावून ठेवते, अन् सोता दगडावर कुटून राहते."

या सगळ्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. पोरांना मी मरेपर्यंत तेच शिकवेन जे पुस्तकात आहे. पण कुलपातला खल दाराशी कसा आला, ते पुस्तकात नाही.

मावशी गेल्या त्याच्या आधीच्या दिवाळीला त्यांना नीट दिसत नव्हतं. माझी मुलगी तेव्हा कॉलेजात होती. तिच्या तोंडावरून हात फिरवून झाल्यावर मावशींनी मला जवळ बोलावलं आणि दरवर्षी विचारायच्या तेच विचारलं.

"हसत होती न वं?"

"हो मावशी. हसत होती."